करंज वाढेपर्यंत

‘तेऽल घ्या गं, तेऽल... वात जळंल, घर उजळंल!’

मंडळी, हा आवाज माझ्या लहानपणचा. रंगू तेलीण डोईवर बुधला घेऊन गल्लीत यायची. घरात वीज आली होती, तरी आई तिच्याकडून पावशेर तेल घ्यायची. का घ्यायची? मला पन्नाशीत कळलं! आज आवाज बसलाय माझा, दमलोय. पण तेवढं सांगून जातो.

आधी एक विचारतो — लढाई संपते कधी? ‘जिंकल्यावर!’ वा! खांबाला टेकलेल्या काकांना किती घाई! ऐका काका.

स्नेहपूर नावाचं राज्य. स्नेह म्हणजे काय हो? माया! आणि तेलसुद्धा! जुन्या भाषेत दोघांना एकच शब्द. त्या राज्यात भुईतून तेल निघायचं. चाळीस विहिरी, चाळीस रहाट. भिवाजी गाडीवान ते तेल दूर बंदरावर न्यायचा. तिथल्या दिव्यांचं काम अंबूताईकडे. तिच्याच अंगणात गाड्या सुटायच्या. ‘या भिवादादा, आधी पाणी घ्या!’

आणि राजाला हवा झाला एक डोंगर! कशाला? पलीकडच्या राजाकडे होता म्हणून!

लढाई लागली. पहिल्या वर्षी काय झालं? तेल महाग झालं — दुप्पट! राजा म्हणाला, ‘अरे, ही लढाई तर आपल्याला पोसते!’ प्रधानांनी माना हलवल्या. प्रधानांना दुसरं काम काय! त्या पैशाचे भाले झाले. भाले कमी पडले, तसं रहाटांचं लोखंड वितळवलं. उपसणारी माणसं रणात गेली. भिवाजीचा लेक रायबा — विहिरीला कान लावून तेल किती हात खाली ते सांगायचा — तोही गेला. परत आला नाही. आणि न उपसलेल्या विहिरीतलं तेल गोठतं, मंडळी. बाया दळताना म्हणू लागल्या —

रहाटाचे केले भाले, भाले गेले डोंगराला,
डोंगर गं हाती आला, पोहरा कोरडा राहिला.

तिकडे बंदरात काय? भाव दुप्पट झाला, त्याच वर्षी अंबूताईनं बांधाबांधावर करंज लावले. बियांचं तेल निघतं ना! लोक हसले, ‘ताई, झाड कधी वाढायचं, दिवा कधी लागायचा?’ पुढं वाटा बंद झाल्या. करंज कुणासाठी थांबतो का? सातव्या वर्षी शेंगांनी लवला.

सातव्याच वर्षी स्नेहपूर जिंकलं! नगारे! तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं तरी राहतं म्हणतात. इथं काय आलं? डोंगर! डोंगरावर काय? शेळ्या!

भिवाजीनं उरल्यासुरल्या नऊ विहिरींचं तेल गाड्यांवर चढवलं. अंबूताईनं जेवू घातलं, रायबाचं ऐकून डोळे पुसले, पैसे मोजून सगळे बुधले उतरवून घेतले. तीन वर्षं असंच. चौथ्या वर्षी भर दुपारी बैल सावलीला बांधायला भिवाजी परसात गेला. करंजाखाली तीन वर्षांचे बुधले! एकाचंही तोंड उघडलेलं नाही.

‘ताई, हे काय?’

‘दादा, पोरगा गमावून तुम्ही दारात आलात. नको कसं म्हणू? पण तेल लागत नाही आता आम्हाला. यापुढंही लागणार नाही.’ मग हळूच म्हणाली, ‘पाणी प्यायला मात्र येत जा.’

कळलं, आई का घ्यायची? कोनाड्यात तसंच पडून असायचं ते तेल!

हसता काय मंडळी? बांधावरून सख्ख्या भावाशी सात-सात वर्षं भांडता. जिंकाल हो, जिंकाल! पण तेवढ्यात त्याच्या अंगणात एक झाड वाढतं. तो तुमच्यावाचून जगायला शिकतो. नंतर जाल, तो चहा देईल, ‘बस’ म्हणेल. खरं सांगणार नाही. मायेपोटीच सांगणार नाही!

भिवाजी परतला. दरबारात दुसऱ्या डोंगराचा बेत चाललेला. भिंतीला भाले टेकलेले. राजा हसून म्हणाला, ‘ये भिवाजी! दर साली तू सांगतोस खपलं, म्हणून तर ही हिंमत! यंदा?’

भिवाजीनं पागोटं काढून हातात घेतलं.

‘महाराज, तीन वर्षं नकळत खोटं बोललो. आपला एक बुधलाही कुठं जळला नाही. ज्या वर्षी माझा रायबा तुमच्या डोंगरावर पडला ना, त्या वर्षी बंदरात त्यांचा करंज माणसाच्या छातीला लागला होता.’