टेलरच्या आधीचा अ

देसांका : पुन्हा विचार. ह्या वेळी नाही चुकत.

यास्ना : तुम्ही काय काम करता?

देसांका : आय अ‍ॅम टेलर.

यास्ना : आई, अ कुठे गेला? इंग्रजीत कामाच्या नावाआधी अ लागतोच. अ टेलर, अ ड्रायव्हर.

देसांका : आपल्या सर्बियनमध्ये नसतात असले लाड. शिंपी म्हटलं की शिंपी. ह्यांचा शिंपी टोपी घातल्याशिवाय घराबाहेर पडत नाही वाटतं.

यास्ना : नाहीच पडत. डब्लिनच्या नाटकवाल्यांनी मुलाखतीला बोलावलंय तुला, कपडे शिवायच्या कामासाठी. हसतेस काय?

देसांका : घाबरलेय म्हणून हसते. जा, पाण्याचा जग आण. मी निघाले की मागे ओत, म्हणजे काम पाण्यासारखं सरळ होईल.

यास्ना : अगं, निघणार कुठे तू? मुलाखत कॉम्प्युटरवर आहे, आतल्या खोलीत.

देसांका : मग दाराबाहेर जाऊन परत येते. पाणी ओतल्याशिवाय मी बसायची नाही.

यास्ना : ओतते बाई. पण हे जरीचं जाकीट कोणी शिवलं विचारलं तर काय सांगशील?

देसांका : तुझ्या बाबांनी. दुकान त्यांचं, रादोयेंचं, मी त्यांच्या हाताखालची.

यास्ना : बाबा जाऊन चार वर्षं झाली. जाकीट गेल्या हिवाळ्यातलं आहे.

देसांका : सवय आहे गं जिभेला. चल, ओत पाणी.

(थोड्या वेळाने आतल्या खोलीचं दार उघडतं.)

यास्ना : बोल ना. लालबुंद झालीयेस नुसती.

देसांका : जाकीट कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं. जरीचं काम बघून ती बाई खुर्चीतून उठली, आणखी दोघांना हाका मारून बोलावलं. मग विचारलं, हे कोणाचं काम.

यास्ना : आणि तू?

देसांका : मी रादोयेंचं नाव घेणारच होते. छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, माझं. मग थांबवेना मला. इंग्रजी संपलं तेव्हा बोटांनी टाके दाखवले.

यास्ना : अ लावलास?

देसांका : कुणाला आठवतंय. सप्टेंबरात या म्हणाले.

यास्ना : म्हणजे मिळालं. आई, मिळालं गं तुला.

देसांका : सोड, गुदमरवशील मला. मला तर अजून खरंच वाटत नाहीये.

यास्ना : एक विचारू? मी बेलग्रेडला शिकायला गेले, तेव्हापासून दुकानातलं सगळं तूच शिवत होतीस ना?

देसांका : त्यांचे हात थरथरायला लागले होते, पोरी. दुपारभर मांडीवर कापड घेऊन नुसते बसायचे. गिऱ्हाईक आलं की सुई हातात धरायचे.

यास्ना : मला कधी बोलली नाहीस.

देसांका : कोणालाच नाही. आज वाटलं, आता सांगितलं तर त्यांना वाईट वाटणार नाही.