पायरी चार करून पाहिलेली नाही

नाव, पत्ता व फोन नंबर सोबतच्या अर्जावर भरून दिला आहे. वय २३ वर्षे. शिक्षण दहावी पास, अकरावी अर्धवट. धंदा नोकरी. राहणार मोठ्या बहिणीच्या घरी.

मी आज बुधवारी सकाळी ११ वाजून ५ मिनिटांनी आपण होऊन पोलीस ठाण्यात आलो व विचारल्यावरून खरे सांगतो ते असे. संगणकातले शब्द लिहिताना आपला हात अडखळेल, असे हवालदारसाहेब म्हणाले. "तुझं अक्षर बरं दिसतंय. तूच लिही, मी वाचून घेतो," असे त्यांनी सांगितल्यामुळे हा जबाब माझ्याच अक्षरात आहे.

मी ज्या कार्यालयात काम करतो तिथून प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी एक संकेतस्थळ चालते. त्यावर रोजच्या बातम्या असतात, शिकण्यासाठी धडे असतात. वर्षातून एकदा आमची परिषदही भरते, ती या शनिवारी आहे. आम्ही तिघे आहोत. संपादक ताई बातम्या व परिषद बघतात. मास्तर धडे लिहितात. ते पूर्वी शिकवायचे, म्हणून मास्तर. मी धडे करून पाहतो. मला कार्यालयात लिंबूटिंबू म्हणतात. मास्तरांचे म्हणणे असे की जे लिंबूटिंबूला जमले ते कोणालाही जमेल. त्यामुळे धडा छापण्याआधी मी माझ्या टेबलावरच्या जुन्या संगणकावर पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत लिहिल्याबरहुकूम करतो. मधले काही मनाने भरत नाही. जमले, तर धड्याच्या तळाशी मी दोन शब्द टाकतो : "करून पाहिले." तीन वर्षांत मी दोनशे चौदा धड्यांखाली ते टाकले. वाचक ते बघूनच हात घालतात. तशी पत्रे येतात.

ज्यांच्यासाठी मी आलो ते आमचे वाचक आहेत. धड्यांखाली लिहिताना ते स्वतःला लिफ्टवाला म्हणवतात. काम लिफ्ट दुरुस्तीचे. वय अंदाजे पन्नास. राहणार इथून बसने तीन तासांवर. मी त्यांना कधी पाहिलेले नाही. शाळेत संगणक शिकलेले नाहीत, चार वर्षे आमच्याच धड्यांवर शिकले. त्यांच्या वडिलांना, ते त्यांना अप्पा म्हणतात, अर्धांगाचा झटका आल्यापासून नीट बोलता येत नाही. मुलाला कळते, इतरांना कळत नाही. मुलगा दिवसभर कामावर असतो आणि शेजारच्या काकू अप्पांकडे बघतात. अप्पा काय मागतात हे काकूंना कळावे म्हणून लिफ्टवाल्यांनी एक प्रोग्राम लिहिला. अप्पा बोलले की त्याचा अर्थ पडद्यावर उमटतो. त्यासाठी अप्पांचे सहाशेच्या वर शब्द त्यांनी एकेक करून ध्वनिमुद्रित केले होते. शनिवारच्या परिषदेत, आपले आपण शिकलेल्यांच्या सत्रात, ते दहा मिनिटे बोलणार होते. ताईंनी त्यांना निवडले तेव्हा त्यांनी मला लिहिले होते, "आजवर माणसं वर पोचवली, आता आपणच चाललो."

मागच्या गुरुवारी मास्तरांनी नवा धडा दिला. जुन्या डिस्कवरचे सगळे काम नव्या डिस्कवर कसे हलवावे, असा. पायऱ्या सात. त्या दिवशी मला परिषदेच्या बारा वक्त्यांची पाने व तीन बातम्या चढवायच्या होत्या. धडा करून बघायला दोन तास लागले असते. मी ताईंना तसे म्हटले. ताई म्हणाल्या, "अरे मास्तरांचा धडा आहे. डोळे मिटून टाक." मास्तर म्हणाले, "टाक की लिंबूटिंबू. माझ्यावर भरवसा नाही का?" मी डोळे मिटले नाहीत. सगळा धडा वाचला, शुद्धलेखन तपासले, दोन ठिकाणी दुरुस्त केले. करून पाहिला नाही. करायला लागणाऱ्या दोन डिस्क माझ्या खणात होत्या. खण उघडला नाही. दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी मी तळाशी "करून पाहिले" टाकले व धडा छापला.

मंगळवारी सकाळी ८ वाजून ५ मिनिटांनी लिफ्टवाल्यांनी धड्याखाली लिहिले : "पायरी चारनंतर दोन्ही डिस्क रिकाम्या दिसतात. माझं काय चुकलं?" साडेदहाला मास्तरांनी उत्तर दिले : "पायऱ्या नीट वाचा. धडा करून पाहिलेला आहे." मी हे दोन्ही वाचले. मी काही लिहिले नाही.

संध्याकाळी ६ वाजून १५ मिनिटांनी त्यांनी पुन्हा लिहिले : "चार वेळा वाचला. तुम्ही म्हणता तर बरोबरच असणार. माझ्याच डोक्यात शिरलं नाही. पायरी तीनमध्ये जुन्या प्रती काढून टाका असं होतं, म्हणून त्याही काढल्या होत्या."

तेव्हा मी खण उघडला. कार्यालयात दुसरे कोणी नव्हते. दोन डिस्क लावल्या, एक भरलेली, एक कोरी. पायरी चार म्हणजे एक आज्ञा आहे, ती दुसरी डिस्क हुबेहूब पहिलीसारखी करते. तिच्यात आधी कुठून ते लिहायचे, मग कुठे ते. मास्तरांच्या हातून ते उलटे पडले होते. त्यामुळे कोरी डिस्क भरलेलीसारखी होण्याऐवजी भरलेली डिस्क कोरीसारखी होते. माझी ७ वाजून २० मिनिटांनी झाली. तिला अकरा सेकंद लागले. लिफ्टवाल्यांचा प्रोग्राम व अप्पांचे सहाशे शब्द असेच गेले होते.

मी धड्यातली आज्ञा सुलटी केली. ७ वाजून ३५ मिनिटांनी खाली लिहिले : "पायरी चारमध्ये किरकोळ दुरुस्ती केली आहे." किरकोळ हा शब्द माझा आहे. लिफ्टवाल्यांना वेगळे काही कळवले नाही. परिषद होईपर्यंत गप्प राहावे असे मला वाटले. बहिणीच्या घरी माझ्या नोकरीवरून चाललेला वाद नुकताच मिटलेला आहे. हे मी कारण म्हणून लिहीत नाही, विचारले म्हणून लिहितो.

आज सकाळी ८ वाजून १२ मिनिटांनी कार्यालयाच्या पत्त्यावर त्यांचा निरोप आला. तो जसाच्या तसा असा : "शनिवारी माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी उभं करा. इतकी वर्षं शिकवलंत, मातीच खाल्ली मी. आमच्या इमारतीची लिफ्ट काल नीट करून ठेवली आहे, कुणाची अडचण नको. अप्पांचं औषध वेळेवर देण्याचं काकूंना सांगितलं आहे. तुमच्या धड्यांत कधी चूक नव्हती. जमणाऱ्याला जमतं."

हा निरोप मी ९ वाजता उघडला. त्यांना अकरा वेळा फोन केला, बंद आहे. मेल केली, त्यात चूक माझी आहे असे स्पष्ट लिहिले. ती उघडलेली दिसत नाही. मास्तर म्हणाले, "रागावला असेल. येईल शनिवारी." मी ताईंकडे पत्ता मागितला, तो त्यांच्याकडे वक्त्यांच्या अर्जात होता. ताई म्हणाल्या, "असा कुणाचा पत्ता देता येत नाही रे." मी म्हटले, "ताई, तो शेवटचा निरोप आहे." त्यांनी निरोप पुन्हा वाचला व स्वतःच्या हाताने पत्ता लिहून दिला.

ठाण्यात हवालदारसाहेबांनी विचारले, "तुझा कोण लागतो?" मी सांगितले, "कोणी नाही. आमचे वाचक आहेत." ते म्हणाले, "वाचक हरवला म्हणून तक्रार घेऊ? उद्या वाचनालयवाले रांग लावतील." मी निरोप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला. लिफ्टच्या ओळीवर थांबले. ११ वाजून २५ मिनिटांनी त्यांनी तिथल्या ठाण्याला फोन करून माणूस पाठवायला सांगितले. मला म्हणाले, "बस. लिही तोवर. हात चालू राहिला की डोकं शांत राहतं." इथपर्यंतचा मजकूर मी तेव्हा लिहिला आहे.

पुढचे फोन आल्यानंतर लिहीत आहे.

१२ वाजून ४ मिनिटांनी तिथल्या शिपाईकाकांचा फोन आला. दार एका म्हाताऱ्या माणसाने उघडले होते, चौकटीला धरून उभे होते. घरात दुसरे कोणी नाही. शेजारच्या घराला कुलूप. मुलगा कुठे आहे असे विचारले तर एकच काहीतरी पुन्हा पुन्हा बोलतात, कळत नाही. शिपाईकाका म्हणाले, "मी निघतो आता. कामावर गेला असेल."

मी हवालदारसाहेबांना म्हटले की मला ऐकू द्या. कारण असे की मागच्या वर्षी त्यांचा प्रोग्राम अडला तेव्हा लिफ्टवाल्यांनी मला अप्पांच्या आवाजातले चाळीस शब्द पाठवले होते, प्रत्येकाखाली अर्थ लिहून. मी ते आठ दिवस लावून पाहिले होते. करून पाहिले होते. हवालदारसाहेब म्हणाले, "ऐकून तुला काय कळणार?" पण फोन मोठ्या आवाजावर टाकला.

अप्पा बोलत होते. चाळिसांतला तो सतरावा शब्द होता. उशी वर करायची असली की ते तो म्हणतात. त्याचा अर्थ "वर".

शिपाईकाका म्हणाले, "उचलून घ्या म्हणत असतील." मी म्हटले, "नाही. ते उभे आहेत. उशी नाहीये तिथे. मुलगा वर गेलाय म्हणतायत. गच्चीवर लिफ्टची खोली असेल, यंत्राची. तिकडे जा काका, आधी तिकडे जा." शिपाईकाकांनी हवालदारसाहेबांना विचारले, "साहेब, हा कोण?" हवालदारसाहेब म्हणाले, "जा म्हणतोय ना. पळ."

फोन चालू होता. जिन्याचा आवाज येत होता. मग दार वाजवल्याचा. मग बराच वेळ काही नाही.

१२ वाजून १३ मिनिटांनी शिपाईकाका म्हणाले, "आहे. बसलेला आहे." खोलीत आणखी काय होते ते त्यांनी सांगितले नाही. हवालदारसाहेबांनी विचारले नाही. मीही विचारले नाही.

त्यांना खाली घरात आणल्यावर मी बोलायला मागितले. मी म्हटले, "काका, मी लिंबूटिंबू. पायरी चार उलटी होती. तुमचं काही चुकलं नाही."

ते म्हणाले, "खाली लिहिलं होतं ना, करून पाहिलं म्हणून."

मी म्हटले, "लिहिलं होतं. पाहिलं नव्हतं."

पलीकडे अप्पा काहीतरी बोलले. लिफ्टवाले म्हणाले, "पाणी मागतायत," आणि फोन ठेवला. मला तो शब्द आधीच कळला होता. तो तिसरा आहे.

शिपाईकाका काकू येईपर्यंत तिथेच थांबणार आहेत व डॉक्टरांना बोलावले आहे, असे हवालदारसाहेबांनी सांगितले. त्या चाळीस फाइली माझ्याकडे आहेत. सहाशेतल्या चाळीस. त्या मी आज दुपारच्या बसने नेऊन देणार आहे. निघण्याआधी प्रत्येक उघडून ऐकणार आहे. लिफ्टवाल्यांविरुद्ध वा मास्तरांविरुद्ध माझी तक्रार नाही. "करून पाहिले" हे शब्द मी टाकले होते.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. सही करायला सांगितली तेव्हा मी आधी स्वतः वाचतो असे म्हटले. ते म्हणाले, "अरे, तूच लिहिलायस." तरी मी पहिल्या ओळीपासून ओळीवर बोट ठेवून वाचला, वेळा माझ्या फोनमधल्या नोंदींशी ताडून पाहिल्या. एका ठिकाणी तीन मिनिटांचा फरक होता, तो दुरुस्त करून शेजारी सही केली आहे. बाकी सगळे माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. हे तपासून लिहिले आहे.