केळीच्या सोपटाचं चाक

आमी वसईकडच्या निर्मळचे, वाडीतले. बापाची केळी आणि मोगरा, आमी दोघं भाऊ, दादा मोठा, मी धाकटा. दादा वाडीत रमला, मला मातीपेक्षा चाक आवडायचं, तर बापानं रस्त्याकडेला टपरी घालून दिली, काढ म्हणाला पंक्चर. तिथंच बसलोय अजून.

काय सांगू तुमाला, आमची कुंपणं सगळी काट्यांची, केळीचे घड लादलेल्या सायकली रोज काटा घुसून पंक्चर, लोक ढकलत माझ्याकडं आणायचे. एकदा वसईला एका कारखान्यात काही कामानं गेलो, तिथं माल उचलायची गाडी बघितली, तिच्या चाकात हवाच नाय, नुसतं भरीव रबर. झालं, डोक्यात भुंगा शिरला. रबर मी कुठून आणणार, पण सोपट वाडीत पडलेलंच, केळीच्या खोडाची साल ती, सुकवून आमी त्यानं फुलांच्या पुड्या बांधतो. त्याचा दोर वळला, सायकलच्या टायरात ठासून भरला, आणि चालली की हो सायकल. जड चालायची, बसणाऱ्याची कंबर धरायची, पण काट्याची फिकीर नाय. चार जणांनी भरून घेतली, मला वाटलं आपण मोठा शोध लावला.

तेव्हा दादानं जुनी मोटार घेतलेली, मोगरा दादरला न्यायला. मोगरा कळी असतानाच पोचला पाहिजे, फुलला की संपला. दोनदा वाटेत पंक्चर, दोनदा माल फुकट. मी म्हटलं, दादा, तुझी पण चाकं भरू का. वहिनी म्हणाली, सायकल वेगळी, मोटार वेगळी. दादा म्हणाला, माझा भाऊ सांगतोय ना, मग भर. ते बोलणं मला अजून टोचतं.

गावात ठीक चालली. हायवेला वेग धरला आणि आतला दोर घासून घासून तापला, टायरातून धूर, चाक निखळलं, मोटार खड्ड्यात. दादाचा उजवा हात मोडला, तो पुढं कधी सरळ झालाच नाय. मी पोचेस्तोवर रस्त्यावर सांडलेला मोगरा उन्हानं फुलला होता, वास नुसता. चूक माझी, सगळी माझी. हळू चालणाऱ्याचं चाक मी पळणाऱ्याला लावलं.

दादा शिव्या देता तर बरं होतं, पण बोललाच नाय. दोन वर्षं टपरीसमोरून जायचा, मान समोर. दिवाळीला वहिनी फराळाचं ताट पाठवायची, रिकामं कसं द्यायचं म्हणून मी साखर घालून परत करायचो, तेवढंच काय ते येणंजाणं.

मग एका सकाळी स्कूटर घेऊन आला, म्हणाला, हवा भर. मी चाक दाबून बघितलं, हवा पुरती होती. तरी नळी लावली, वर बघायची हिंमत झाली नाय, माझे डोळे भरलेले. तेव्हापासून दर सोमवारी येतो. पंपावर फुकट मिळते हवा, तरी इथंच येतो, चहा घेतो, वाडीचं बोलतो.

परवा चंदनसारचे एक साहेब, राजोडीला समुद्रावर निघालेले, हवा भरता भरता मला सांगत होते, परदेशात मोटारीला बिनहवेची चाकं निघतायत, मग तुमची टपरी बंद. मी म्हटलं, येऊ द्या, तापत नसतील, हादरत नसतील तर खुशाल बसवा, कुणाचा हात तरी मोडायचा नाय. पण देवाला माझं सांगणं एवढंच, आमी दोघं आहोत तोवर दादाच्या स्कूटरला हवेचंच चाक राहू दे.