टायपिस्टची मूलभूत गरज

मुलाखतींचा विषय काढलात म्हणून सांगतो, एरवी हे सांगायचं मी टाळतो. नव्वदच्या दशकात संगमनेरच्या एका संस्थेला टायपिस्ट हवा होता. मी पीएचडी, म्हणून मलाही निवड समितीवर बसवलं होतं. जामखेडहून सुनीता नावाची मुलगी आली होती. पोलिओमुळे कुबड्या घेऊन चालायची. टायपिंगच्या चाचणीत बाकीच्यांचे कागद खाडाखोडीने बरबटले होते. तिच्या कागदावर एकही चूक नव्हती.

अध्यक्ष तिच्यासमोरच म्हणाले, "पोरीचा हात लई चांगला हाय. पन आमी हापिसात आलो की स्टाफ उठून उभा राहतो. हिला किती येळ लागंल?"

"कुबड्या घेतल्या की उठते मी, सायब."

"तवर आमी केबिनात पोचलेलो असू!"

सगळे हसले. मी हसलो नव्हतो असं मला वाटतं, पण खात्री देत नाही. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले.

"सर, तुमी शिकलेले. नकार जरा चांगल्या भाषेत लिवा."

मी लगेच लिहिलं, 'उमेदवार पदाच्या मूलभूत गरजा पूर्ण करू शकत नाही.' एवढ्यासाठीच बहुधा शिकलो होतो.

आता पत्र टाइप कोण करणार? टायपिस्टची जागा तर रिकामीच होती! शिपायाने माझा कागद उचलला आणि सरळ मशीनपाशी नेऊन ठेवला. तिथे सुनीता अजून बसलेलीच होती. तिने कागद वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"सर, हे बसून टाइप केलं तर चालंल ना?"