राहिलेलं काम सोडायचं नाही

हॅलो?... हॅलो, कोण?... अगं ताई, तू होय! जरा मोठ्यानं बोल, मी उबवणीच्या खोलीबाहेर आहे, पंखे घुरघुरतायत... नाही, नाही, हातात काही नाही. बोल.

काय ऐकलंस?... कुणी सांगितलं?... म्हणजे तुझ्या नणंदेपर्यंत पोचलं तर. आमच्या अंड्याला तडा जायच्या आत बातमी बाहेर पडते... "सुनेनं तीन हजार अंडी घुसळली" असं म्हणाली? घुसळली! लोणी काढायला बसली होती का ती?

हो, हो... अगं ऐक ना. कॉम्प्युटर बिघडला नाही, तिथेच तर सगळे चुकतात. त्याला जे सांगितलं होतं ते त्यानं चोख केलं.

अगं, अंडी एका कुशीवर ठेवून चालत नाही. दर तासाला ट्रे कलता करायचा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, अठराव्या दिवसापर्यंत. नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं... हो, तेच. पंचवीस वर्षं हातानं केलं मी ते. तुझ्या मुलीच्या लग्नातून मध्येच उठून आले होते, तू महिनाभर बोलली नव्हतीस... बरं, पंधरा दिवस.

तर सूनबाईनं त्याचा प्रोग्रॅम लिहिला... अगं मला समजलाय म्हणजे तुलाही समजेल. त्यात एक यादी असते, कुठल्या वेळेला कुठलं काम. जे आधी यायचं ते सगळ्यात वर. कॉम्प्युटर घड्याळाकडे डोळे लावून बसतो. वेळ झाली की मोटार चालू, ट्रे कलला, की ते काम खोडायचं आणि पुढच्याची वाट बघायची... हो ना! कंटाळा नाही, आळस नाही, मध्येच फोनवर गप्पा नाहीत... तुला नाही गं म्हटलं.

आणि तिचा बारकावा बघ. मागच्या खेपेला मीच म्हटलं, पहिल्या दिवशी सकाळी ठोक्याला फिरलेला ट्रे संध्याकाळी वीस-पंचवीस मिनिटं उशिरा का फिरतो? दुसरी म्हणाली असती, आई, तुमचं घड्याळ पुढे आहे. ही मात्र वही घेऊन बसली. अर्ध्या तासात सापडलं. ट्रे फिरायला दोन मिनिटं लागतात, आणि हा बाबा ती दोन मिनिटं संपल्यावर पुढचा तास मोजायला घ्यायचा... बरोब्बर! थोडं थोडं करत सरकायचं. आता वेळ घड्याळावरूनच ठरते. "आई, तुमचा कान माझ्यापेक्षा तिखट आहे," म्हणाली. मला!... छे गं, लाडीगोडी नव्हे. ती तिला येतच नाही.

परवाचं? सांगते ना. सकाळी वीज गेली ती संध्याकाळी आली. ऊब जनरेटरवर होती, पण कॉम्प्युटर त्यावर नव्हता. आम्ही तिघांनी दर तासाला हातानं ट्रे फिरवले, अकरा वेळा... हो, खांदे अजून बोलतायत. वीज आली, आम्ही हुश्श करून घरात जाऊन पाय पसरले. इकडे कॉम्प्युटर उठला, यादी बघितली... अकरा कामं राहिलेली! हातानं केलेली त्याला कुठून कळणार? लागला की करायला. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे... मध्ये दम खायला जागा नाही, आणि असे हिसके बसले की आतल्या कोवळ्या शिरा तुटतात. वीसेक मिनिटांनी आवाज लक्षात येऊन पळालो तोवर अकरावी फेरी चालू.

हे भडकलेच. सगळ्यांदेखत म्हणाले, "पुरे झालं शहाणपण, तुझी ऑफिसातली नोकरीच बरी. मी त्या डब्याची वायरच काढून टाकतो."... ती? "चूक झाली, बाबा." बस, एवढंच. तेव्हापासून मोबाइलवर गजर लावून स्वतः फिरवतेय... हो, तीन हजार.

आज दहावा दिवस. दिव्यावर धरून बघायची अंडी. जिवंत असेल तर आत लाल शिरांचं जाळं दिसतं. ती आतच आहे, अंधार करून... नाही, अजून काही कळलं नाही.

काय?... "असं वेड्यासारखं लिहिलंच कशाला"?... ताई, थांब... थांब म्हणते ना. तुला एक सांगते, कुणाला बोलले नाहीये.

तिनं मला विचारलं होतं. लिहायच्या आधी. "आई, वेळ चुकली तर राहिलेलं काम नंतर करायचं, की सोडून द्यायचं?" आणि मी काय म्हणाले असेन?... हो! आपल्या आईचं वाक्य! राहिलेलं काम सोडायचं नाही, उशिरा का होईना, सगळंच्या सगळं भरून काढायचं. काय ठसक्यात सांगितलं गं! आणि मी स्वतः कधी केलंय का तसं? चुकलं तर मी एकदाच फिरवायची आणि पुढची वेळ धरायची. हात वेगळंच करत होते, तोंडानं भलतंच सांगितलं.

तिच्या वहीत आहे ते. "आई म्हणतात" असं लिहून खाली सगळं. काल माझ्या नजरेला पडली. हे भडकले तेव्हा वही टेबलावरच होती ताई, यांच्यापुढे नुसती उघडली असती तरी सुटली असती. नाही उघडली. मी असते तर वही नाचवली असती, तुला माझं तोंड माहीत आहे... नाही, रडत नाहीये... बरं, रडतेय. केवढीशी पोर, आणि मन केवढं गं तिचं!

नको, नको, तू यांना फोन करू नकोस... नंतर म्हणजे कधी? अंडी चांगली निघाल्यावर? मग तो फुकटचा मोठेपणा झाला. आणि वाईट निघाली तर माझी जीभच रेटणार नाही. मी ओळखते मला.

थांब... हे आलेच. हातात पक्कड आहे... अहो! अहो, जरा थांबा!... ठेवू नकोस ताई, तू आहेस तर धीर येतो... अहो, त्या अकरा फेऱ्या मी सांगितल्या होत्या... मी, मी! तिनं विचारलं, मी म्हटलं राहिलेलं सगळं भरून काढ... वहीत बघा हवं तर. तिची चूक एवढीच, तिनं माझं ऐकलं.

...ताई? आहेस ना?... यांनी पक्कड खिशात घातली. तिचं दार ठोठावतायत... श्श, ऐकू दे... "पोरी, दुसरा दिवा दे, अर्धे ट्रे मी बघतो," म्हणाले... नाही गं, माफी यांच्या तोंडून निघायची नाही. दिवा मागितला यातच काय ते समज.

थांब, ती काहीतरी सांगतेय यांना... पहिला ट्रे... नव्वदातली... ब्याऐंशी! ताई, ब्याऐंशी जिवंत!... हॅलो?... हॅलो?... आता तू कशाला रडतेस?... ठेव, ठेव आता फोन. यांना सांगून झालं गं. तिच्याशी अजून एक शब्द बोलले नाहीये मी.