मोरीजवळचा ट्रक

अरे, सायकलवाल्यांना नावं ठेवता ना, मग माझं ऐका. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हा मी साताऱ्याहून तिथे कामाला आलो होतो. राहायला बोईसरला, रोज सायकलने जायचो. रस्ता जेमतेम एका गाडीपुरता आणि त्यावर खडीचे ट्रक. मागून घरघर ऐकू आली की मी सायकल पार कडेला घ्यायचो.

एका सकाळी मोरीजवळ एका ट्रकने मला असं दाबलं, की मी सायकलसकट खाली चिखलात. समोरून घिवलीची एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन येत होती. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ट्रकला थांबावंच लागलं.

"मानूस पारला तू! त्याला उचल, मंग जा. तवर मी हलनार नाय."

ड्रायव्हर उतरला. "भाईसाब, दिखा नहीं," म्हणत त्याने मला वर ओढलं. माझं ढोपर फुटलं होतं, सायकलचं चाक वाकडं झालं होतं. त्याने सायकल खडीवर टाकली आणि मला शेजारी बसवलं.

आठला केंद्राचं गेट बंद व्हायचं. माझा जीव नुसता वरखाली होत होता. तेवढ्यात पुढे एक सायकलवाला आला, तो काही बाजूला होईना. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, हॉर्न मारो ना! हटाव उसको!"

ड्रायव्हरने माझ्या रक्ताळलेल्या ढोपराकडे पाहिलं, गाडी हळू केली आणि गेटपर्यंत त्या सायकलच्या मागे मागे चालवली. त्याने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.