अमेरिकेच्या दुधाचा डबा

तुम्हाला सांगते, महायुद्ध संपून दहा वर्षं झाल्यावर अमेरिकेत शिकून परतताना मला वाटलं होतं, ते राष्ट्र आता लढाया सोडून जगातल्या पोरांना दूध पाजतंय हे ऐकून कोल्हापूर टाळ्या वाजवेल. पण इथं गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर लोक म्हशीसमोर उभं राहून धार काढून घेतात! माझ्या शाळेत वाटायला आलेली अमेरिकेची दूधपावडर मी तिथं कालवून दाखवली, तर दादू गवळी म्हणाले, "बाई, म्हस कुठं हाय ह्याची?"

सगळे खो खो हसले. मी चिडून अमेरिकेच्या दयाळूपणावर भाषणच ठोकलं.

दादूमामा धार सोडून उठले आणि पावडरीचा डबा हातात घेऊन बघत राहिले. "लढाई संपल्यावर आमची पलटण जपानात गेलती. अमेरिकेनंच बाँबनं बेचिराख केलेल्या गावात तिचंच शिपाई पोरास्नी असलंच डबं वाटत हुतं. एका पोरीला दोन्ही हात न्हवतं. तिला म्या पाजलं."

मी विचारलं, "मग वाटू नको म्हणता?"

"वाटा की! पोरांनी काय कुणाचं घोडं मारलंय? पर निम्मीच गोष्ट सांगू नगा."

मी तिथंच ठरवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत दूध मी कालवणार आणि मुलांशी दादूमामा बोलणार.